मणक्यातला गॅप

शिंकलो. बस्स, एवढंच झालं.

म्हणजे "कंबर कशाने गेली रे?" असं कुणी विचारलं की सांगायला काहीतरी बरं कारण हवं असतं. ट्रेकला गेलो होतो, जिममध्ये वजन जरा जास्तच उचललं, गेला बाजार घर बदलताना फ्रीज तरी. माझी कंबर पुण्यात, एका सोमवारी सकाळी, बेसिनपुढे दात घासताना आलेल्या शिंकेने गेली. कळ निघाली ती कमरेतून डाव्या मांडीच्या मागून थेट पोटरीपर्यंत. दहा मिनिटं बेसिन धरून उभा होतो. तोंडात पेस्टचा फेस आणि थुंकायला वाकता येईना!

दोन दिवस फ्लॅटवर पडून काढले. मग मॅनेजरकडून घरून काम करायची परवानगी घेतली आणि हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूर गाठलं. सगळा प्रवास जवळपास दाराशी उभं राहूनच. स्टेशनवर मित्र गाडी घेऊन आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय बे, आजोबासारखं चाललालास?" सोलापुरात सहानुभूती अशीच मिळते.

एमआरआय झाला. एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी मागे सरकून डाव्या नसेला टेकली होती. जुळे सोलापुरात या प्रकाराला एकच नाव आहे, 'मणक्यात गॅप'. दोन दिवसांत कळलं की आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना गॅप आहे. एका काकूंनी तेल दिलं, दुसऱ्यांनी पट्टा दिला, तिसऱ्यांनी चुटकीसरशी मणका बसवून देणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. (गेलो नाही. तुम्हीही जाऊ नका.) गंमत म्हणजे गॅप वाढत नाहीच, उलट कमी होतो. दोन मणक्यांमधली गादी चपटी होते, तिचा मऊ गाभा बाहेर ढकलला जातो आणि शेजारच्या नसेला त्रास देतो.

डॉक्टर मात्र अगदी थंड होते. "ऑपरेशन वगैरे काही नाही. बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरतं. पडून राहू नका, सोसेल तेवढं चाला. पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मात्र रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा."

इथे खरं तर ही पोस्ट संपायला हवी होती. पण आमच्या आईची फाइलिंग सिस्टिम मध्ये आली.

आमच्याकडे दवाखान्याचे सगळे कागद एका पिशवीत असतात. सोलापुरी चादरीबरोबर चेनची जाड प्लॅस्टिकची पिशवी मिळते ना, ती. आईचा नियम असा की मोबाइलमधल्या रिपोर्टला रिपोर्ट म्हणायचं नाही, कागद पाहिजे. "आणि ते ऑफिसवाल्यांनी मागं रक्त घेतलं होतं, त्याचं काय झालं?" तिचं म्हणणं बरोबर होतं. वार्षिक तपासणीचा पीडीएफ चार महिने मेलमध्ये न उघडता पडून होता. आसरा चौकात जाऊन प्रिंट काढली आणि न बघता तिच्या हातात दिली.

"हे ठळक का छापलंय रे?"

एकूण कोलेस्टेरॉल २६२. एलडीएल १७१. ट्रायग्लिसराइड्स २८६. एचडीएल, म्हणजे एकच जे जास्त असायला हवं, ते ३४. एलडीएल १०० च्या आत आणि ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत असावेत असं रिपोर्टच्या उजव्या रकान्यात लिहिलेलं असतं. मी ते पहिल्यांदाच नीट वाचलं.

नवे कागद बसेनात म्हणून आईने पिशवीतून एक मोठं पिवळं पाकीट बाहेर काढलं. अण्णांच्या कमरेचा एक्स-रे, २०१४ चा.

अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर मागात वाकलेला. मला आठवतंय तेव्हापासून अण्णा संध्याकाळी घरी आले की आधी भिंतीला पाठ लावून पाच मिनिटं उभे राहायचे, मग बूट काढायचे. कंबर मागामुळे गेली, यात कुणालाच शंका नव्हती. त्यांना स्वतःलाही नाही. २०१४ मध्ये फारच दुखलं तेव्हा हा एक्स-रे काढला. "गॅप आहे," असं सांगितलं गेलं, पट्टा आला, गोळ्या आल्या.

तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, ५४ व्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला. पहाटे छातीत दुखायला लागलं, घाम आला. आई शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना घेऊन गेली. दोन स्टेंट पडले. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि दुसऱ्या दिवशी माझी सबमिशन होती. घरच्यांनी मला संध्याकाळी कळवलं. त्याबद्दल मी आईशी बरेच दिवस धड बोललो नव्हतो. असो.

तर तो एक्स-रे मी सहज खिडकीच्या उजेडात धरला. बाजूने काढलेला फोटो होता. मणके एकावर एक, विटा रचल्यासारखे. एल-४ एल-५ मधली जागा खरंच चेपलेली. पण मणक्यांच्या पुढे, पोटाच्या बाजूला, एक पांढरी तुटक रेघ होती. खडूने ओढून मध्येमध्ये पुसल्यासारखी. पाकिटात टाइप केलेला रिपोर्ट होता. वर चार ओळी मणक्यांबद्दल. शेवटची ओळ: पोटातल्या महारोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेले दिसते.

महारोहिणी म्हणजे एओर्टा, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. ती मणक्यांना अगदी चिकटून खाली उतरते. तिच्या भिंतीत चरबीचे थर वर्षानुवर्षं जमत जातात आणि जुन्या थरांमध्ये कॅल्शियम बसतं. एक्स-रेवर दिसतं ते हे कॅल्शियम. म्हणजे अटॅकच्या तीन वर्षं आधी त्यांच्या रक्तवाहिन्यांमध्ये काय चाललंय त्याचा फोटो आमच्या कपाटात होता. चादरीच्या पिशवीत. कुणाला दोष द्यायचा नाहीये. अण्णा कमरेसाठी गेले होते, त्यांना कमरेचं उत्तर मिळालं. शेवटची ओळ आम्हीही वाचली नव्हती.

त्या रात्री कंबरेमुळे झोप तशीही नव्हती. उशीवर आडवा होऊन वाचत बसलो. प्रश्न साधा होता. कंबर आणि कोलेस्टेरॉल, हे एकाच भानगडीचे दोन टोक आहेत का?

आधी ही गादी जेवते कशी ते बघा. मणक्यांमधली गादी हा आपल्या शरीरातला सगळ्यात मोठा असा भाग आहे की ज्याला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नाहीत. लहानपणी थोड्या असतात, मग त्याही जातात. वरच्या आणि खालच्या मणक्याच्या हाडात जे रक्त येतं, त्यातून साखर आणि ऑक्सिजन एका पातळ कूर्चेतून पाझरत गादीत जातात, आणि तयार झालेलं आम्ल त्याच वाटेने परत पाझरतं. मधल्या पेशींपासून जवळची रक्तवाहिनी सात-आठ मिलिमीटर लांब असते. पेशीच्या हिशोबाने हे म्हणजे पुणे-सोलापूर. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या डॉ. एस. राजशेखरन यांनी २००४ मध्ये हे पाझरणं चक्क एमआरआयवर पाहिलं. शिरेतून औषध टोचून पुन्हा पुन्हा स्कॅन काढले. ते हाडात काही मिनिटांत दिसलं, गादीच्या गाभ्यात पोचायला मात्र काही तास लागले.

सोलापूरकरांना हे लगेच कळेल. उजनीहून पाइपलाइन निघते, गावात येते, टाकीत पडते, तिथून गल्ल्यांमध्ये. लाइनच्या शेवटच्या घराला करंगळीएवढी धार. आता असं समजा की शेवटच्या घराच्याही पलीकडे एक घर आहे, त्याला नळच नाही. शेजारच्या भिंतीतून जी ओल येते, तिच्यावर त्याचं चाललंय. ते घर म्हणजे ही गादी. पाण्याचा दाब जरा कमी झाला तर आधी ओरड कुणाची होणार?

आणि ही लाइन येते कुठून? महारोहिणीच्या मागच्या भिंतीतून चार जोड्या बारीक फांद्या निघतात आणि कमरेच्या मणक्यांकडे जातात. साधारण बेंबीच्या उंचीवर, एल-४ पाशी, महारोहिणीचे दोन फाटे होतात. एल-५ ला तर थेट फांदीही मिळत नाही, आजूबाजूच्या वाहिन्यांवर भागतं. चरबीचे थर फाट्यांच्या ठिकाणी जास्त बसतात, कारण तिथे प्रवाह भोवऱ्यासारखा होतो. आणि सरकलेल्या गाद्यांपैकी बहुतेक याच दोन जागी असतात, एल-४ एल-५ आणि तिच्या खालची. तिथे वजनही सगळ्यात जास्त येतं, हे खरं. पण लाइनचं शेवटचं टोकही तेच आहे.

ही शंका नवी नाही. फिनलंडच्या लीना कौप्पिला यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. त्यांचा १९९७ चा अभ्यास वाचताना मी उठून बसलो (आणि कळ आल्यामुळे पुन्हा आडवा झालो). अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयरोगाचा एक मोठा अभ्यास चालू आहे. आपण आज 'रिस्क फॅक्टर' हा शब्द वापरतो, तो तिथूनच रुळला. त्यातल्या सुमारे सहाशे लोकांचे कमरेचे एक्स-रे १९६७-६८ मध्ये आणि पुन्हा १९९२-९३ मध्ये काढले होते. बाजूने. अगदी अण्णांच्या एक्स-रेसारखे. कौप्पिला आणि सहकाऱ्यांनी त्यात तीच पांढरी रेघ शोधली. ज्यांच्या महारोहिणीत कॅल्शियम होतं, त्यांच्या गाद्या जास्त झिजलेल्या निघाल्या आणि त्यांच्यात कंबरदुखीही जास्त होती.

पुढे थेट रक्तातल्या चरबीवरही अभ्यास झाले. २००८ मध्ये फिनलंडमध्ये सायटिका आणि कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड्स यांचा संबंध दिसला, तोही मुख्यतः पुरुषांमध्ये. त्याच वर्षी जपानमध्ये वयस्कर लोकांच्या एमआरआयमध्ये झिजलेल्या गाद्या आणि वाढलेलं एलडीएल एकत्र आढळलं. २०११ मध्ये इटलीत गादीचं ऑपरेशन झालेले आणि गुडघ्यातल्या गादीचं ऑपरेशन झालेले असे दोन गट घेतले. कमरेवाल्यांचे कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त निघाले.

पहाटे तीनच्या सुमाराला मी खूश होतो. आमच्या धंद्यात याला रूट कॉज म्हणतात. दोन बग वेगवेगळे दिसत होते, कारण एकच सापडलं. एलडीएल खाली आणा, कंबर बरी. तिकीट क्लोज!

सकाळी चहा घेताना शंका यायला लागल्या. हे सगळे अभ्यास 'दोन गोष्टी एकत्र दिसतात' एवढंच सांगतात. एकीमुळे दुसरी होते हे सांगत नाहीत. माझंच उदाहरण घ्या. पुण्यात राहायला लागल्यापासून वजन अकरा किलोंनी वाढलंय, सगळं पोटावर. त्या पोटाचा भार कमरेवर येतो आणि त्याच पोटामुळे ट्रायग्लिसराइड्स वाढतात. म्हणजे दोन्हीचा बाप तिसराच असू शकतो. सर्व्हरचा पंखा आणि सीपीयू एकदम ओरडायला लागले तर पंख्यामुळे सीपीयू तापला असं आपण म्हणत नाही.

शिवाय आणखी एक अभ्यास आहे, फिनलंडमधल्याच जुळ्या भावांवरचा. (जुळे सोलापुरात बसून जुळ्यांचा अभ्यास वाचतोय, हेही नोंदवून ठेवतो.) मिशेल बॅटी, टॅपिओ व्हिडेमन आणि सहकाऱ्यांनी असे एकसारखे जुळे निवडले, ज्यातल्या एकाने आयुष्यभर ओझी उचलली आणि दुसऱ्याने नाही. १९९५ मध्ये निष्कर्ष आला तो असा, की दोघांच्या गाद्या आश्चर्य वाटावं इतक्या सारख्या झिजल्या होत्या. कामाचा वाटा होता, पण थोडा. आनुवंशिकतेचा कितीतरी मोठा.

हे वाचून मी अण्णांकडे बघितलं. ते समोर बसून कडक भाकरी चहात बुडवून खात होते. आयुष्यभर मागाला शिव्या दिल्या त्यांनी. मी खुर्चीला देतो. आणि खरा आरोपी कदाचित आम्ही एकमेकांना दिलेल्या वस्तूंमध्ये असेल. तेच नाक, तोच एल-४ एल-५, तीच चरबी.

पुढच्या आठवड्यात अण्णांच्याच फिजिशियनकडे गेलो. दोन्ही रिपोर्ट आणि तो एक्स-रे टेबलावर ठेवला, माझी थिअरी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "असेलही. पण कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन कंबर बरी होते असं मी तुम्हाला सांगणार नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. कंबर तिच्या वेळेने बरी होईल. तुमच्या वडिलांना पंचावन्नच्या आत अटॅक आला, ही या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती तुमच्या एकाही रिपोर्टमध्ये छापलेली नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. बाप किंवा भावाला ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर आपला धोका वेगळा मोजायचा. त्यात आपल्याकडे हा आजार लवकर येतो. २००४ मध्ये ५२ देशांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, इंटरहार्ट नावाचा. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. अण्णांचं ५४. अपवाद नाही, अगदी सरासरी.

"तीन महिने देतो," ते म्हणाले. "चालणं, वजन, खाणं. मग परत रक्त बघू."

खाण्यावरून घरात मोठी चर्चा झाली. आईने आधीच शेंगाचटणीचा डबा फडताळात वर ठेवून दिला होता. 'तेल सुटतं तिला' म्हणून. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारून आलो होतो. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, ते फक्त प्राण्यांकडून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. माझे ट्रायग्लिसराइड्स वाढले ते रात्री अकराला मागवलेल्या बिर्याणीने, दिवसाला दोन कोल्ड्रिंक्सने, शुक्रवारच्या बिअरने आणि दिवसभर न हलण्याने. साखर, मैदा आणि दारू यांचं उरलेलं सगळं लिव्हर चरबी करून रक्तात सोडतं. चटणी सुटली. भाकरीबरोबर एक चमचा, डबा नव्हे. आई मात्र "बघ, मी म्हटलंच होतं, पुण्याचं खाणं..." यावर ठाम आहे आणि यावेळी मला वाद घालता आला नाही.

आणि चालणं. विजापूर रोडला आमच्याकडून जवळच धर्मवीर संभाजी तलाव आहे. जुनं नाव कंबर तलाव. कंबर गेलेल्या माणसाने चालायला कंबर तलावावर जावं, यावर मित्राने करायचे तेवढे विनोद करून झालेत, तुम्ही कृपया नवे पाठवू नका.

पहिल्या दिवशी दोनशे पावलांत बसलो. अण्णा अटॅकनंतर इथे रोज येतात, पाऊस असो नाहीतर मे महिना. ते माझ्यासाठी थांबले. बाकावर बसल्यावर त्यांना त्या एक्स-रेबद्दल सांगितलं. पांढरी रेघ, शेवटची ओळ, फ्रेमिंगहॅम, सगळं. मला भीती होती की त्यांना वाईट वाटेल. तीन वर्षं आधी कळलं असतं तर...

ते बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "माग बिघडला ना, की आवाज येतो. जॉबर आवाजाकडं जातो. पण आवाज एकीकडं असतो आणि धागा तुटलेला असतो दुसरीकडं. नवा पोरगा आवाजाच्याच जागी स्क्रू पिळत बसतो."

थोड्या वेळाने, "मी पण तेच केलं की."

मला काय बोलावं कळेना. म्हटलं, "चला, अजून शंभर पावलं."

कंबर नवव्या आठवड्यात बरीच उतरली. त्याचं श्रेय मी कोलेस्टेरॉलला देणार नाही, ती तशीही उतरणारच होती. तीन महिन्यांनी रक्त तपासलं. ट्रायग्लिसराइड्स १६८, एचडीएल ३८, वजन सहा किलो कमी. एलडीएल मात्र १४९. जिथून मी त्याला हलवू शकत होतो तिथून हलवलं, उरलेलं अण्णांकडून आलेलं. डॉक्टरांनी वडिलांचा इतिहास धरून एक छोटी गोळी सुरू केली. अठ्ठाविसाव्या वर्षी रोजची गोळी म्हटल्यावर एक दिवस जरा खट्टू झालो. मग तो एक्स-रे पुन्हा खिडकीत धरला आणि घेतली.

एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आहे की नाही, हे संशोधक ठरवतील. माझ्यापुरतं एवढं झालं, की जे दुखत होतं त्याच्यामुळे जे दुखत नव्हतं ते वाचलं गेलं. २८६ आणि १७१ चार महिने माझ्या मेलमध्ये गुपचूप बसले होते. ते दुखत नाहीत, पोटरीत कळ काढत नाहीत, शिंकल्यावर उभं करून ठेवत नाहीत. अण्णांचेही तसेच बसले असणार, त्यांची तर कधी तपासणीच झाली नव्हती.

तर मंडळी, ऑफिसच्या तपासणीचा तो पीडीएफ उघडा. आजच. उजवा रकाना बघा. आणि घरी फोन करून विचारा, घरात कुणाला कितव्या वर्षी काय झालं होतं ते. हे आपल्याकडे कुणी सांगत नाही, विचारावं लागतं.

चला, अण्णा खाली उभे राहून हाका मारतायत. तलावावर आता मी त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारतो. तिसरी ते एकटेच मारतात, मी बाकावर बसून बघतो.